पहिली बूम बॅप बीट: एफएल स्टुडिओत रिकाम्या प्रोजेक्टपासून रॅपरच्या हाती जाणाऱ्या फाइलपर्यंत

ट्रॅप आणि बूम बॅप हे दोन्ही हिप-हॉपचे प्रकार. रॅपखाली वाजणारी पहिली बीट ट्रॅपची करू नये, बूम बॅपची करावी. ट्रॅपमध्ये हॅटचे रोल, घसरत जाणारा ८०८ (ड्रमयंत्राचा लांब घुमणारा बेस), ऑटोमेशन (आपोआप बदलत जाणारी बटणं) असा पसारा असतो आणि त्यात चुका लपून जातात. न्यूयॉर्कमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात घडलेल्या बूम बॅपमध्ये आवाज मोजकेच: जाड किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), टणक स्नेअर (चटका देणारा छोटा ड्रम), एक हॅट (झांजांची जोडी), सुरांचा छोटा तुकडा आणि बेस. तेवढ्यावर ऐकणाऱ्याची मान हलली पाहिजे. त्यामुळे कोणता ठोका नेमका कुठे आणि किती जोरात, यावरच सगळी मदार असते, आणि शिकायचंही तेच आहे.

इथली पद्धत एफएल स्टुडिओ या संगीत बनवण्याच्या सॉफ्टवेअरची आहे. त्याच्या फुकट चाचणी आवृत्तीत गाणं पूर्ण करून फाइल बाहेर काढता येते, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट सॉफ्टवेअर विकत घेईपर्यंत परत उघडत नाही. म्हणून बीट एका बैठकीत संपवा. कायमचं फुकट काही हवं असेल तर एलएमएमएस घ्या. त्यात बटणांची नावं वेगळी आहेत, पण स्टेपची पट्टी, म्हणजे ठोके भरायच्या चौकोनांची ओळ, अशीच असते.

आधी आवाज नीट येऊ द्या

विंडोजवर ऑप्शन्समधल्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस म्हणून ‘एफएल स्टुडिओ एएसआयओ’ निवडा आणि बफर (आवाज बाहेर जाण्याआधी साठतो ती जागा) ५१२ सॅम्पलवर ठेवा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या दराने ही सुमारे १२ मिलिसेकंदांची दिरंगाई होते, ती हाताला जाणवत नाही. आवाज करकरायला लागला तर संगणकाला तेवढ्या वेळात काम उरकत नाही असं समजा आणि बफर १०२४ करा. ब्लूटूथ हेडफोन मात्र नकोच. त्यात आवाज इतका उशिरा पोचतो की ठेका तुमचा चुकला की हेडफोनचा, हे कळायला मार्ग राहत नाही. वायरचा साधा इअरफोन चालेल.

टेम्पो ९० करा. या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, चार मात्रांचा बार २.६७ सेकंदांचा आणि बारमधल्या १६ स्टेपपैकी प्रत्येक स्टेप १६७ मिलिसेकंदांची. तबल्याची सवय असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सोळा चौकोन दिसले म्हणून तो तीनताल नव्हे. मात्रा चारच आहेत आणि स्टेप म्हणजे त्यांची चौगुण.

प्लेच्या शेजारी पॅटर्न आणि साँग अशा दोन अवस्थांचं बटण असतं. आत्ता ते पॅटर्नवर ठेवा. “सगळं भरलंय पण आवाजच येत नाही” ही नवशिक्यांची तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते: बटण साँगवर असतं आणि प्लेलिस्ट, म्हणजे गाण्याची मांडणी होते ती खिडकी, रिकामी.

आवाज निवडणं

एफ ६ दाबून चॅनेल रॅक (आवाजांची यादी, प्रत्येकापुढे स्टेपची ओळ) उघडा. डावीकडच्या ब्राउझरमध्ये पॅक्सखाली ड्रम्सचे फोल्डर आहेत. त्यातून एक किक, एक स्नेअर, एक बंद हॅट आणि एक उघडी हॅट रॅकवर ओढून आणा. किक आखूड आणि कोरडी घ्या. लांब शेपटीची ८०८ किक इथे बेसच्या अंगावर येते. स्नेअरमध्ये नुसता चटका नको, २०० हर्ट्झच्या आसपास थोडं मांसही हवं. निवडायला वेळ लागला तर लागू द्या. पातळ स्नेअर घेऊन त्यावर नंतर चार प्लगइन चढवण्यापेक्षा दुसरा स्नेअर शोधणं केव्हाही सोपं.

हलगी किंवा ढोलकीचा आवाज हवा असेल तर गाद्या-कपड्यांनी भरलेल्या खोलीत फोनवर एकेक ठोका रेकॉर्ड करा, एडिसन या एफएलमधल्या ध्वनिसंपादकात उघडा आणि ठोक्याआधीची शांतता अगदी चिकटून कापा. ती २० मिलिसेकंद जरी उरली तरी तो ठोका कायम मागे पडल्यासारखा वाजतो आणि चूक तालात शोधण्यात वेळ जातो. हलगी स्नेअरवर चढवायची असेल तर तिचा २०० हर्ट्झखालचा भाग काढून टाका, म्हणजे दोघांची गर्दी होणार नाही.

ठेका

रॅकची उजवी कड ओढून ३२ स्टेप करा, म्हणजे दोन बार होतील. मग पुढचे चौकोन पेटवा. दुसऱ्या बारचे आकडे पुन्हा १ पासून मोजले आहेत.

पहिला बार: किक १, ८, ११; स्नेअर ५, १३.
दुसरा बार: किक १, १०, ११, स्नेअर ५, १३, उघडी हॅट १५.
बंद हॅट: दोन्ही बारमध्ये १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५; फक्त दुसऱ्या बारमधली १५ वी काढा, तिथे उघडी हॅट आहे.

दोन्ही हॅट एकदम वाजू नयेत. खऱ्या ड्रमवर झांजांची ती एकच जोडी असते. उघडीचा आवाज पुढच्या बंद ठोक्याबरोबर तुटावा म्हणून दोन्ही चॅनेलच्या सेटिंगमध्ये ‘कट’ आणि ‘कट बाय’ या दोन्ही खान्यांत एकच आकडा द्या, समजा १.

प्ले दाबा. ठेका बरोबर वाजेल, पण शिवणयंत्रासारखा. इथून पुढे खरी बीट घडते.

रॅकच्या वर स्विंगची पट्टी आहे. ती सरकवली की प्रत्येक सम स्टेप, म्हणजे २, ४, ६, ८..., थोडी उशिरा पडते. विषम स्टेप जागेवर राहतात. ही सोय हिप-हॉपमध्ये रुजली ती रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी घडवलेल्या आणि १९८८ मध्ये आलेल्या एमपीसी ६० या ठेके बांधायच्या यंत्रामुळे. त्यावर स्विंग टक्क्यांत मोजत. ५० म्हणजे सरळ, ६६ म्हणजे जवळपास तिस्र चाल (ट्रिपलेट). ९० च्या लयीत ५८ टक्के म्हणजे सम स्टेप सुमारे २७ मिलिसेकंद उशिरा. एफएलच्या पट्टीचे आकडे या मापाचे नाहीत, म्हणून ती कानाने लावा. पट्टी शून्यावरून हळूहळू वर न्या आणि ठेका लंगडायला लागला की थोडी मागे घ्या.

आता किकचे आकडे पुन्हा पाहा. पहिल्या बारमधली ८ वी आणि दुसऱ्यातली १० वी या सम स्टेप आहेत. स्विंग लागल्यावर त्या मागे रेलतात आणि १० वी किक ११ वीवर जवळजवळ आदळते. मान हलते ती या ओढीमुळे. सगळ्या किक विषम स्टेपवर ठेवून स्विंग कितीही वाढवलं तरी काही बदलणार नाही, कारण हलायला काही ठेवलेलंच नाही. बऱ्याच जणांना स्विंग ‘चालत नाही’ असं वाटतं ते यामुळे.

पुढचं काम जोराचं. रॅकवरचा ग्राफ एडिटर उघडून व्हेलॉसिटी निवडा. हॅटच्या १, ५, ९, १३ या मात्रेवरच्या स्टेप जोरात ठेवा आणि ३, ७, ११, १५ एक तृतीयांशाने खाली आणा. स्नेअरची एक जादा स्टेप पहिल्या बारच्या १० वर पेटवा आणि तिचा जोर जेमतेम चतुर्थांश ठेवा. असा दबका ठोका वेगळा ऐकू येता कामा नये, पण काढून टाकला की काहीतरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे. ऐकू येत असेल तर तो अजून खाली न्या.

त्याच ग्राफ एडिटरमध्ये ‘शिफ्ट’ आहे, त्याने स्टेप उशिरा ढकलता येते. ५ आणि १३ वरचे स्नेअर १०-१५ मिलिसेकंद मागे घ्या. एफएल एका मात्रेचे एरवी ९६ टिक पाडतं, त्या मापात या लयीला हे दोन टिक. यामुळे ठेका आरामात बसल्यासारखा वाटतो. किक मात्र हलवू नका. समेवर कोणीतरी घट्ट पाहिजे, नाहीतर सगळंच ढिलं पडतं.

सूर

नवा पॅटर्न घ्या. ड्रमच्याच पॅटर्नमध्ये सूर भरले तर पुढे मांडणी करताना ते वेगळे करत बसावं लागतं. वाद्य म्हणून एफएल कीज (पियानोसारखा आवाज) घ्या आणि एफ ७ ने पियानो रोल (सूर मांडायची जाळी) उघडा.

पट्टी ए मायनरची घ्या, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. ए ला सा धरला तर नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर आसावरी थाट मिळतो: ग, ध, नी कोमल. काळ्या पट्टीला हात लावायचाच नाही, असं ठरवलं की पहिल्या बीटमध्ये बेसूर होण्याची वाट बंद झाली. दोनच कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) पुरतात. पहिले दोन बार ए मायनर सेव्हन: ए ४, सी ५, ई ५, जी ५. पुढचे दोन बार डी मायनर सेव्हन: ए ४, सी ५, डी ५, एफ ५. पियानोवरचा मधला सी एफएलमध्ये सी ५ म्हणून दिसतो, हे ध्यानात ठेवा. ए आणि सी दोन्हीकडे सारखे असल्यामुळे हात जणू हललाच नाही असं वाटतं. जुन्या तबकडीवरच्या तुकड्याचा भास त्यातूनच होतो. कॉर्ड पहिल्या स्टेपवर धरा, ११ व्या स्टेपवर एकदा आखूड मारा आणि पुढचा बार जवळजवळ रिकामा सोडा. तिथे रॅपर बोलणार आहे.

आवाज फार चकचकीत वाटेल. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरचा (तबकडीचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, रेकॉर्ड करून वाजवणाऱ्या यंत्राचा) दर २६.०४ किलोहर्ट्झ होता, म्हणजे १३ किलोहर्ट्झवरचं काही त्यात मावतच नसे. वर सगळी मिळून जागा १० सेकंदांची. लोक ३३ ची तबकडी ४५ वर वाजवून सॅम्पल घेत आणि मग यंत्रात सूर खाली ओढत. तो खरखरीत, मिटलेला आवाज या कंजुषीतून आला. आपण पॅरामेट्रिक इक्यू २ (वारंवारता कमी-जास्त करायचं साधन) लावून ४ किलोहर्ट्झच्या वरचं हळूहळू कापू आणि बेसला जागा म्हणून १५० हर्ट्झच्या खालचंही काढू.

बेस

थ्री-एक्स ऑस्क हे सिंथ घ्या. पहिला ऑसिलेटर (लाट तयार करणारा भाग) साइन या साध्या लाटेवर ठेवा, उरलेल्या दोघांचा आवाज शून्य करा. पहिल्या दोन बारना ए २, पुढच्या दोनना डी ३. वारंवारता अनुक्रमे ५५ आणि ७३ हर्ट्झ. स्वर किकच्या बरोबरीने सुरू करा आणि स्नेअरच्या जरा आधी तोडा, म्हणजे स्नेअर मोकळ्या जागेत पडतो. स्वराच्या तोंडाशी ‘टक्’ ऐकू आलं तर लाट मध्येच तुटली आहे. व्हॉल्यूम एन्व्हलपला किंचित अटॅक (चढायला वेळ) आणि रिलीज (विरायला वेळ) द्या.

हा बेस फोनच्या स्पीकरवर ऐकूच येणार नाही. तिथे ५५ हर्ट्झ वाजतच नाही. आवाज वाढवून उपयोग नाही, त्याने हेडफोनवाल्याचे कान फक्त बधिर होतील. थोडं डिस्टॉर्शन घाला. त्यातून वरचे स्वरांश तयार होतात आणि कान खालचा स्वर आपणच भरून घेतो.

मिक्स आणि मांडणी

प्रत्येक चॅनेलला मिक्सरचा वेगळा ट्रॅक द्या. मास्टरवर (सगळे आवाज एकत्र येतात त्या ट्रॅकवर) लिमिटर (आवाज एका पातळीवर अडवणारं साधन) असेल तर बंद करा, कारण तो चुका दाबून ठेवतो. सगळे फेडर खाली ओढा. आधी किक उणे १० डेसिबलच्या आसपास आणा, मग स्नेअर तिच्या बरोबरीला, मग बेस, कॉर्ड आणि हॅट. मास्टर उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका, रॅपरच्या आवाजाला ती जागा लागते. हॅट बहुतेकांची मोठी असते. ठीक वाटते त्याहून दोन डेसिबल खाली ठेवून बघा.

प्लेलिस्टमध्ये सुरुवात ४ बार, कडवं १६, हुक (पुन्हा पुन्हा येणारं धृपद) ८, कडवं १६, हुक ८, शेवट ४ अशी मांडणी करा. एकूण ५६ बार, ९० च्या लयीत जवळपास अडीच मिनिटं. सुरुवातीला नुसत्या कॉर्ड ठेवा. हुकच्या आधीच्या बारमध्ये शेवटच्या दोन मात्रांची किक काढा. त्यासाठी ड्रमचा पॅटर्न आधी ‘मेक युनिक’ करून घ्या. नाहीतर एका जागी काढलेली किक गाण्यात सगळीकडून गायब होते.

कॉर्डऐवजी जुन्या मराठी गाण्याचा तुकडा कापून घालायचा मोह होईल. घरी शिकायला खुशाल घाला, पण प्रसिद्ध करण्याआधी दोन हक्क वेगवेगळे तपासा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो, तर शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तबकडी मोकळी झाली तरी चाल मोकळी झालेली नसते. “दोनच सेकंद घेतले” हे परवानगीच्या जागी चालत नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या सॅम्पलवरून झालेल्या खटल्यानंतर तिथे सॅम्पल आधी रीतसर मोकळं करून घेण्याची पद्धत पडली.

कंट्रोल आणि आर दाबून वेव्ह काढा, २४ बिट. शेवटचा सूर अर्ध्यात तुटू नये म्हणून ‘लीव्ह रिमेंडर’ निवडा. मग ‘स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स’ लावून तीच बीट पुन्हा काढा, म्हणजे किक, स्नेअर, बेस सगळं सुटं मिळेल. रॅपरला पूर्ण बीटची एमपीथ्री पाठवताना फाइलच्या नावात टेम्पो आणि पट्टी लिहा: ९० बीपीएम, ए मायनर. सुट्या फाइल त्याचं रेकॉर्डिंग झाल्यावर लागतील. कडव्यात त्याचा आवाज कॉर्डखाली दबला, तर फक्त कॉर्डची फाइल दोन-तीन डेसिबल खाली घेता येईल.