नेपाळला पहिल्यांदा निघालात? या चुका टाळा

व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत, ताटात डाळभात. म्हणून आपण कोल्हापूरला निघाल्यासारखे निघतो आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात.

पहिला घोटाळा विमानतळावर. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधार चालतं ते फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या भारतीयांना.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं राहून जातं. माझी पोखऱ्याची सकाळची बस अशीच चुकली. सुट्टी शनिवारची, आणि बिलावर विक्रम संवत. २०८२/०५/१२ मधला पाच म्हणजे मे नव्हे, भाद्र.

पैशांचं मात्र नीट समजून घ्या. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०; हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. काठमांडूच्या ठमेल बाजारात शालीची किंमत १,६०० ऐकून मी तेवढ्या आपल्या नोटा मोजून दिल्या. दुकानदारानं सहाशे परत केले. "मैले एनसी भनेको, दिदी!" एनसी म्हणजे नेपाळी, आयसी म्हणजे भारतीय. सगळेच इतके सज्जन नसतात, तेव्हा भाव ठरवतानाच "आयसी की एनसी?" विचारा. जवळ शंभराच्या नोटा ठेवा, त्या सहज खपतात.

मुक्तिनाथला जाणाऱ्या आपल्याकडच्या यात्रेकरूंची चूक सगळ्यांत महागात पडते. पोखरा सुमारे ८०० मीटरवर, मुक्तिनाथ ३,७०० च्या वर; कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. सकाळी विमानानं जोमसोम, तिथून जीप आणि लगेच १०८ धारांच्या बर्फगार पाण्याखाली धावत अंघोळ! डोकं ठणकलं, मळमळलं तर ते पित्त समजून गोळी घेऊन वर थांबू नका, खाली उतरा. जाताना एक रात्र जोमसोमला काढलेली बरी. दुपारी तिथं वारा सुटतो, त्यामुळे विमानं सकाळचीच आणि तीही रद्द होतात. हाताशी एक दिवस जादा ठेवा.

पशुपतिनाथाला चामड्याचा पट्टा काढूनच आत जा.

आणि बोलणं. आपल्या सोसायटीतली सवय म्हणून दिसेल त्याला "बहादूर" म्हणू नका, लोकांना ते लागतं. "दाइ" (म्हणजे दादा), "दिदी" म्हणा. बुद्ध भारतात जन्मले असंही बोलून जाऊ नका. लुंबिनी नेपाळात आहे, अशोकाचा स्तंभ अजून तिथे उभा आहे.