फेज वापरून लिस्टेरिया शोधताय? मग या चुका टाळा

लिस्टेरिया म्हणजे खाण्यातून आजार पसरवणारा बॅक्टेरिया. त्याची फेज टेस्ट निगेटिव्ह आली की सॅम्पल क्लीन, असं लगेच धरून चालू नका. फेज हा शेवटी बॅक्टेरियात घुसून वाढणारा व्हायरस, त्याला जिवंत आणि धडधाकट पेशी लागते. डीप फ्रीजमधून अर्धमेली होऊन आलेली लिस्टेरिया त्याला नीट प्रतिसादच देत नाही, त्यामुळे एनरिचमेंटमध्ये (सॅम्पलमधले बॅक्टेरिया आधी वाढवून घेण्यात) घाई करू नका, 25 ग्रॅम सॅम्पल 225 मिली हाफ फ्रेझर या लिस्टेरिया वाढवायच्या ब्रॉथमध्ये 30 अंशांना दिवसभर ठेवायचं म्हणजे ठेवायचंच. ब्रॉथ काळा झाला असेल तर त्यातच फेज ओतू नका, फेज टेस्टमध्ये पेशींचा प्रकाश मोजायचा असेल तर काळा रंग तो खातो. थोडासा ताज्या साध्या ब्रॉथमध्ये घ्या, पेशी जरा वाढू द्या, मग फेज.

आता प्रकाशाचं. 1996 मध्ये ए511 या लिस्टेरिया फेजमध्ये लक्सएबी (प्रकाश देणारं एन्झाइम बनवणारी) जीन्स घालून रिपोर्टर फेज बनवला, तो पेशीत घुसला की ती पेशी ल्युसिफरेज हे एन्झाइम बनवते आणि सबस्ट्रेट (त्या एन्झाइमला लागणारं रसायन) दिला की चमकते. पण फेजचा स्टॉकही बॅक्टेरियातच वाढवलेला असतो ना, त्यामुळे तयार ल्युसिफरेज त्यात आधीच तरंगत असतं! नुसता फेज आणि ब्रॉथ असा ब्लँक न लावता रीडिंग घेतलं तर सगळंच पॉझिटिव्ह दिसेल. ब्लँकच चमकतोय? स्टॉक परत प्युरिफाय करा, फेज जास्त ओतून काही होत नाही. आणि आल्डिहाइड सबस्ट्रेट आधी सगळ्या ट्यूबमध्ये हाताने टाकत बसायचं आणि मग एकेक वाचायची हे तर अजिबात नको, हा प्रकाश काही सेकंदातच उतरतो, इंजेक्टरवालं ल्युमिनोमीटर (सबस्ट्रेट स्वतः टाकून लगेच प्रकाश मोजणारं यंत्र) वापरा.

बऱ्याच फेजना पेशीला चिकटायला कॅल्शियम लागतं. सॅम्पलमध्ये सायट्रेट किंवा ईडीटीए अशी कॅल्शियम पकडून ठेवणारी रसायनं असतील तर कॅल्शियम अडकून बसतं, फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियम क्लोराइड टाकलं तर गढूळ होऊन खाली बसतं. कच्च्या दुधाची वेगळीच भानगड, स्टॅफिलोकोकस ऑरियस या दुसऱ्या बॅक्टेरियावर व्हे (दुधाच्या निवळीतले) प्रोटीन चिकटतात आणि त्याच्या फेज के नावाच्या फेजला जागाच मिळत नाही. म्हणून पॉझिटिव्ह कंट्रोल ब्रॉथमध्ये नाही, त्याच पदार्थात बॅक्टेरिया मुद्दाम टाकून लावा (हा कंट्रोल वाचवायला जातात आणि मग किटला शिव्या घालतात).

प्लाकवाली पद्धत (फेजनी प्लेटवरच्या बॅक्टेरियाच्या थरात पाडलेले मोकळे ठिपके मोजायची) असेल तर पेशीत न घुसलेले, बाहेरचे फेज मारायला फेरस अमोनियम सल्फेट टाकतात, ते वेळेवर न्यूट्रलाइज केलं नाही तर पेशी फुटून बाहेर आलेले नवे फेजही मरतात आणि प्लेट कोरी.

एक अजून, ए511 पॉझिटिव्ह म्हणजे लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस (माणसाला आजारी पाडणारी मुख्य जात) असेलच असं नाही, इनोक्युआ या दुसऱ्या लिस्टेरिया जातीवरही तो चालतो. अलोआ (लिस्टेरिया ओळखायच्या) प्लेटवर टाका, निळसर हिरव्या कॉलनीभोवती हेलो (अपारदर्शक वलय) दिसला तरी पुढची कन्फर्मेशन करा, कारण इव्हानोवीआय ही लिस्टेरियाची जातही असाच हेलो देते.