कामाची फाइल नेमकी कुठे सेव्ह होते आहे?

ईमेलला जोडून आलेली फाइल तिथूनच थेट उघडून तीत तासभर दुरुस्त्या केल्या आणि सेव्हचे बटण दाबले, तरी ती बहुधा एखाद्या तात्पुरत्या फोल्डरमध्येच राहते. झिप फाइलच्या आतून उघडलेल्या कागदपत्रांचेही तेच होते. विंडोजमध्ये असे फोल्डर ‘ॲपडेटा’ या सहसा न दिसणाऱ्या फोल्डरच्या पोटात असतात, आणि डिस्कवरची जागा मोकळी करताना पुसलेल्या त्यांतील फाइली रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत. म्हणून अशी फाइल उघडताच, एक अक्षरही बदलण्यापूर्वी, ‘सेव्ह ॲज’ करून ती ‘डॉक्युमेंट्स’मधील त्या कामाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. ‘डाउनलोड्स’ हीदेखील कायमची जागा मानू नये, कारण डिस्कवरची जागा आपोआप मोकळी करणाऱ्या विंडोजच्या ‘स्टोरेज सेन्स’ या सोयीत तशी निवड केलेली असल्यास ठरावीक दिवस न उघडलेल्या फाइली तिथून आपोआप काढल्या जातात. पेनड्राइव्हवरच्या एकमेव प्रतीवर काम करणे तर मला सर्वांत धोक्याचे वाटते. ती आधी संगणकावर उतरवून घ्यावी. शंका आल्यास वर्ड बंद करण्याआधी ‘फाइल’ मेनूतील ‘इन्फो’मध्ये फाइलचा पत्ता पाहावा, आणि त्यात ‘ॲपडेटा’ किंवा ‘टेम्प’ हा शब्द दिसला, तर तिथल्या तिथे ‘सेव्ह ॲज’ करून जागा बदलावी.