ऑक्टोबरच्या आधी जिप्सीचं स्टिअरिंग

१ जुलैला ताडोबाचा कोअर, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा आतला भाग, बंद झाला की सफारीच्या जिप्स्या तीन महिने पत्र्याच्या शेडखाली उभ्या राहतात. या दिवसांत सीटची कव्हरं बदलतात, पत्र्याला रंग लागतो, इंजिनकडेही बघून होतं. स्टिअरिंगचं काम मात्र ‘चालतंय ना’ म्हणून मागे पडतं. जंगलात मातीच्या रस्त्यावर गाडी एवढी हळू असते की ढिलं स्टिअरिंग हाताला जाणवतच नाही. ते जाणवतं चंद्रपूरच्या डांबरी रस्त्यावर, साठच्या वेगात समोरून कोळशाचा ट्रक आला की. म्हणून १ ऑक्टोबरला गेट उघडायच्या निदान पंधरा दिवस आधी एक सकाळ यासाठी ठेवा. पार्ट नागपूरहून मागवावा लागला तर तेवढे दिवस लागतातच.

एकट्याने हे काम होत नाही. एक माणूस स्टिअरिंगवर आणि एक खाली, असे दोघं हवेत. जागा सिमेंटची, सपाट. जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चाकांना लावायला लाकडी गुटके, उजेडाला बॅटरी, पहार, तारेचा ब्रश, रॉकेल, ग्रीस गन, हवेचं मीटर आणि मूठभर नव्या स्प्लिट पिना काढून ठेवा. खालची माती आदल्या दिवशीच धुऊन घ्या. मुरमाच्या लाल थराखाली तडा गेलेला असला तरी तो दिसत नाही.

सुरुवात हवेपासून. हसू नका. पुढच्या दोन टायरांत हवा कमी-जास्त असली की गाडी एका बाजूला ओढते, आणि आपण दोष स्टिअरिंगला देतो. जाड गुटक्यांचे टायर असतील तर गाडी थोडी डोलणारच, तो ढिलेपणा नव्हे. मागे पायऱ्यांसारखी सीटं बसवून सहा पर्यटक आणि गाईड घेतले की पुढचा भार हलका होतो आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. त्यामुळे तपासणी आधी रिकाम्या गाडीवर करायची.

मग मोजमाप. चाकं सरळ करा, इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंग बसवून घेतलं असेल तर इंजिन सुरू ठेवा, नाहीतर खोटा आकडा येईल. स्टिअरिंगच्या कडेवर चिकटपट्टी लावून खडूने खूण करा, डॅशबोर्डवर समोर तार टेकवा. पुढचं चाक हलायला लागेपर्यंत स्टिअरिंग एका बाजूला किती फिरतं, मग दुसऱ्या बाजूला किती, हे पट्टीने मोजा. ३८० मिलिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर एक अंश म्हणजे कडेवर सव्वातीन मिलिमीटर, म्हणजे ३० मिलिमीटर मोकळं फिरलं तर जवळपास नऊ अंश वाया गेले. जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंग बॉक्सला (फिरवलेलं स्टिअरिंग चाकांकडे पोचवणारी दातांची पेटी) थोडा प्ले, म्हणजे मोकळं फिरणं, असतोच, तो शून्य करायला जाऊ नका. किती चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. आकडा वहीत लिहा, काम झाल्यावर पुन्हा मोजायचं आहे.

आता स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबा, स्वतःकडे ओढा. ते असं हलत असेल तर गोष्ट वेगळी: मधला नट, कॉलमचा (स्टिअरिंगखालच्या दांड्याचा) बुश किंवा डॅशबोर्डखालचे बोल्ट. निम्मे लोक हा हलका झोल आणि फिरण्यातला प्ले एकच समजतात, आणि टाय रॉड एंड, म्हणजे पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं, बदलून येतात.

खरा शोध इथून पुढे. गाडी जमिनीवरच, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना गुटके. वरच्या माणसाने स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवी हलवायचं, पूर्ण फिरवायचं नाही. खालच्याने क्रमाने बघत जायचं: कॉलमखालचा रबरी जोड, बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट, बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म, त्याला जोडलेला दांडा म्हणजे ड्रॅग लिंक, मग टाय रॉड, आणि शेवटी चाकाजवळचा नकल, ज्याच्यासोबत चाक वळतं. प्रत्येक जोडावर हात ठेवायचा, पण बोटं दोन लोखंडांच्या मध्ये नाही. वरचा भाग हलतो आणि खालचा हलत नाही, असा पहिला जोड जिथे सापडेल, तिथे तुमचे मिलिमीटर हरवताहेत. बहुतेक वेळा ते एका जागी नसतात. तीन जोडांत थोडे थोडे वाटलेले असतात, आणि म्हणूनच एक पार्ट बदलून फरक पडला नाही अशी तक्रार ऐकू येते.

या दांड्यांच्या टोकांना गोळीसारखे फिरणारे बॉल जॉइंट असतात, त्यांचं रबर आधी बघा. विदर्भाच्या उन्हात ते तडकतं, मग आत धूळ, पावसात चिखल, आणि ग्रीसचं उगाळलेल्या गंधासारखं होतं. पंप मारला की ढिलेपणा चार दिवस लपतो, जात नाही. जॉइंट हाताने वर-खाली होत असेल तर बदला. रबरी जोडाला चिरा असतील तर तोही. स्वस्त पार्ट असतो आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटतो.

त्याच वेळी स्टिअरिंग बॉक्सकडे नीट बघा. फिरवताना बॉक्स स्वतःच चॅसीवर सरकतो का? बोल्ट ढिले असतील तर आवळता येतात. पण बोल्टच्या भोकाभोवती केसासारखी रेघ दिसली, गंज बाहेर येताना दिसला, तर गाडी तिथेच उभी करायची. वेल्डिंगवाल्याला शेडवर बोलवा, गाडी त्याच्याकडे चालवत नेऊ नका. गळालेली स्प्लिट पिन आणि हाताने फिरणारा नट यांनाही हाच नियम.

आता पुढचा भाग उचला, एक्सलखाली घोड्या लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. झोल लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर झोल गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंग पिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, बेअरिंग. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी शिकवली, आणि तोपर्यंत दोनदा चांगली व्हील बेअरिंगं मी उगाच काढून फेकली होती. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा, इथला खटका बहुधा टाय रॉडचा. घोड्या काढल्यावर पहार घेऊन स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश, पाटे टांगणारे शॅकल आणि पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट हलवून बघा. पुढचा एक्सलच पुढे-मागे सरकत असेल तर ब्रेक मारताना गाडी तोंड फिरवते, मग वरचं सगळं नवं टाकूनही उपयोग नाही.

खड्ड्यानंतर स्टिअरिंग हातात थरथरत राहतं, त्याला लोक सरळ डॅम्पर (धक्के शोषणारी नळी) बदलतात. नव्या डॅम्परने थरथर दबते, आतला झिजलेला जॉइंट झिजतच राहतो. डॅम्पर सगळ्यात शेवटी.

आणि बॉक्सच्या वरचा तो प्ले कमी करायचा स्क्रू. कुठल्याही गॅरेजमध्ये पहिला प्रश्न तोच येतो, “भाऊ, बॉक्स आवळून देऊ का?” नको म्हणा. बाकी सगळं तपासून झाल्यावर, चाकं सरळ असताना, लॉक नट ढिला करून थोडासाच फिरवायचा, मग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे अडत नाही ना ते बघायचं. मी एकदा जोशात अर्धा फेरा जास्त आवळला. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग नव्या गाडीसारखं घट्ट होतं. वळणावर सोडल्यावर ते परत आलंच नाही, हाताने ओढून आणावं लागलं, आणि डावीकडच्या नाल्याने गाडी घेतलीच. तेव्हा गाडीत कोणी नव्हतं.

काम झाल्यावर जुनी स्प्लिट पिन परत वापरायची नाही. प्रत्येक नटावर रंगाची एक आडवी रेघ मारा, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे लगेच कळतं. टाय रॉड उघडला असेल तर अलाइनमेंट (चाकांची सरळ रेष) करून घ्या. मग रिकाम्या रस्त्यावर आधी वीस, मग चाळीस, मग ब्रेक. त्यानंतर पर्यटक सोडून घरच्याच सहा जणांना मागे बसवून एक फेरी मारा, आणि परत आल्यावर पट्टी घेऊन तेच माप पुन्हा घ्या. आधीच्या आकड्याशेजारी तारखेसह लिहा. माझ्या वहीत मागच्या वर्षी ४२ मिलिमीटरचे १८ झाले होते, यंदा उघडून पाहिलं तेव्हा २३ होते.