फुजीभोवतीची पाच सरोवरे: कुटुंबासह कॅम्परव्हॅनचा प्रवास कसा आखावा

जपानमधील फुजी पर्वताची उंची ३,७७६ मीटर आहे आणि त्याच्या उत्तर पायथ्याशी यामानाका, कावागुची, साई, शोजी आणि मोतोसु ही पाच सरोवरे कमानीसारखी पसरलेली आहेत. पर्वताला पूर्ण वळसा घालणारा रस्ता सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा, म्हणजे एका दिवसात सहज संपणारा आहे. म्हणूनच या प्रवासात अंतराचा नव्हे, तर मुक्कामांचा हिशोब आधी करावा लागतो. फुजी बहुधा पहाटे स्वच्छ दिसतो आणि दिवस वर आला की ढगांआड जातो. टोकियोहून सकाळी निघालेला प्रवासी पोहोचेपर्यंत ती वेळ टळलेली असते. सरोवराच्या काठावरच जाग यावी, हे कॅम्परव्हॅन घेण्याचे माझ्या मते एकमेव सबळ कारण आहे. त्यासाठी किमान चार रात्री हाताशी ठेवाव्यात.

महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांना उन्हाळ्याची आणि दिवाळीची अशा दोन सुट्ट्या सोयीच्या असतात. मी दिवाळीची निवडेन. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी होऊ लागते, शिखरावर बर्फ धरू लागते आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात कावागुचीच्या काठावरील मेपल लाल होतात. एप्रिलच्या मध्यास तेथे चेरी फुलते खरी. परंतु एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंतच्या ‘गोल्डन वीक’ या सलग सुट्टीत सगळा जपान रस्त्यावर असतो, तेवढे दिवस टाळावेत. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस असतो, तर हिवाळ्यात पर्वत सर्वांत स्वच्छ दिसत असला तरी रस्त्यावर बर्फ गोठतो आणि गाडीला हिवाळी टायर लागतात. पहिल्याच प्रवासात मुलांना घेऊन ते धाडस करू नये.

जपानमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. भारतात आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असल्याने तेथे चालतो. त्याच्यासोबत मूळ परवाना आणि पासपोर्टही जवळ असावा लागतो. सहा वर्षांखालील मुलांसाठी बालआसन कायद्याने बंधनकारक आहे. रेल्वे फाटक उघडे असले तरी त्याच्यापुढे गाडी पूर्ण थांबवावी लागते, आणि कावागुचीजवळच्या फुजियोशिदा शहराच्या परिसरात अशी फाटके वारंवार येतात. सिग्नल लाल असताना डावीकडे वळता येत नाही; तसे वळण्याची आपल्याकडची सवय कटाक्षाने सोडावी.

गाडी ठरवताना किती जण झोपू शकतात यापेक्षा पट्टा बांधून किती जण बसू शकतात हे आधी विचारावे. हे दोन आकडे बहुतेक वेळा वेगळे असतात. हलक्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, सुमारे पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशी गाडी चार-पाच जणांच्या कुटुंबाला पुरते, मात्र तिची उंची तीन मीटरच्या आसपास जाते, त्यामुळे छत असलेल्या वाहनतळांत ती शिरत नाही. इंजिन बंद असतानाही चालणारा हीटर आहे ना, याची खात्री करावी. सरोवरे ८०० ते १,००० मीटर उंचीवर असल्याने नोव्हेंबरच्या रात्री तापमान शून्याजवळ येते आणि उबेसाठी रात्रभर इंजिन सुरू ठेवणे धोक्याचे तसेच शेजाऱ्यांना त्रासाचे असते. शौचालय असलेल्या गाडीसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही, कारण ती टाकी रिकामी करण्याच्या सोयी तेथे विरळ आहेत, उलट सार्वजनिक स्वच्छतागृहे मुबलक आणि अतिशय स्वच्छ असतात. पेट्रोल पंपावर लाल नळी साध्या पेट्रोलची, पिवळी अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलची आणि हिरवी डिझेलची असते. आपल्या गाडीला कोणती लागते ते ताब्यात घेतानाच कागदावर लिहून घ्यावे.

मुक्कामाबाबत होणारी सर्वांत मोठी चूक ‘मिची-नो-एकी’ या रस्त्याकाठच्या थांब्यांविषयी असते. तेथे वाहनतळ आणि स्वच्छतागृहे चोवीस तास खुली असतात, त्यामुळे ती मुक्कामाची जागा आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ती थकलेल्या चालकाच्या विश्रांतीसाठी आहे. तेथे खुर्च्या मांडणे, छत उघडणे किंवा शेगडी पेटवणे अजिबात योग्य नाही. मुक्कामासाठी ‘आरव्ही पार्क’ अशी पाटी असलेले अधिकृत तळ किंवा गाडी आत नेता येणाऱ्या कॅम्पच्या जागा आधीच आरक्षित कराव्यात. कॅम्पच्या जागीही गवतावर थेट जाळ करण्यास सहसा मनाई असते, त्यासाठी लोखंडी चूल वापरावी लागते.

वळसा यामानाकापासून सुरू करून पश्चिमेकडे, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट दिशेने घालावा, असे मी आग्रहाने सुचवेन. असे गेल्यास सरोवरांच्या उत्तर काठांवरून पाणी आणि पर्वत दोन्ही डाव्या हाताला राहतात, आणि समोरची वाहतूक न ओलांडता थांबता येते. यामानाका हे पाचांतील सर्वांत मोठे आणि सर्वांत उंचावरील सरोवर. नैसर्गिक प्रवाहाने बाहेर नदी वाहणारेही हे एकच. शेजारच्या ओशिनो गावातील आठ कुंड सकाळी लवकर पाहावेत. फुजीच्या अंगावर बारमाही नदी नाही, कारण पाऊस आणि वितळलेले बर्फ सच्छिद्र खडकात मुरते आणि कित्येक वर्षांनी पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने वर येते; ओशिनोचे काचेसारखे पाणी तेच आहे. फुजियोशिदाच्या मिची-नो-एकीत हेच झऱ्याचे पाणी नळाला येते, तेथे पिण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात.

कावागुचीजवळून ‘सुबारू लाइन’ हा सशुल्क घाटरस्ता शिखराच्या वाटेवरील, सुमारे २,३०० मीटर उंचीच्या पाचव्या टप्प्यापर्यंत जातो. उन्हाळ्यातील गिर्यारोहणाच्या हंगामात खासगी गाड्यांना तेथे बंदी असते आणि बसने जावे लागते. इतर वेळी रस्ता खुला असल्यास व्हॅन नेता येते. उतरताना मात्र सतत ब्रेक न दाबता खालचा गिअर वापरावा, कारण सामानाने भरलेल्या जड गाडीचे ब्रेक लवकर तापतात.

कावागुचीला गर्दी आहे. बहुतेक प्रवासी तेथूनच परततात. या प्रवासाचे खरे वैभव मात्र त्याच्या पुढे आहे, म्हणून चारपैकी दोन रात्री पश्चिमेच्या तीन सरोवरांसाठी राखाव्यात. साई, शोजी आणि मोतोसु यांची पाण्याची पातळी जवळजवळ एकच, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर आहे. येथे एकेकाळी सेनोउमी नावाचे मोठे सरोवर होते; इ. स. ८६४ मध्ये फुजीच्या वायव्य उतारावरून आलेला लाव्हा त्यात शिरला आणि त्याचे साई व शोजी असे तुकडे झाले. त्या लाव्ह्यावर आज आओकिगाहाराचे घनदाट अरण्य उभे आहे. खडकावर माती इतकी पातळ आहे की झाडांची मुळे आडवी, उघडी पसरलेली दिसतात. आखलेली पायवाट न सोडता मुलांना तासभर तरी तेथे चालवावे. ज्वालामुखी म्हणजे काय हे पुस्तकातील आकृतीपेक्षा ही मुळे अधिक चांगले सांगतात. याच लाव्ह्यातील नारुसावा हिमगुहेत एका ठिकाणी छत मीटरभरही उंच नाही, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना बहुतांशी सपाट असलेल्या फुगाकु वायुगुहेत न्यावे. दोन्हीकडे उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

साई सरोवराची एक हकिकत मुलांना जरूर सांगावी. उत्तर जपानमधील ताझावा सरोवरातील ‘कुनिमासु’ हा मासा १९४० च्या सुमारास तेथे आम्लयुक्त पाणी सोडल्याने नष्ट झाला. परंतु त्यापूर्वी त्याची अंडी साई सरोवरात आणून सोडलेली होती, आणि नामशेष समजलेला हा मासा २०१० मध्ये तेथे जिवंत सापडला. शोजी हे सर्वांत लहान. तेथून पाहिले असता ओमुरो ही टेकडी फुजीच्या पुढ्यात अशी येते की पर्वताने लेकरू कवेत घेतल्यासारखे दिसते, आणि जपानी लोक या दृश्याला ‘मूल कवेत घेतलेला फुजी’ असेच म्हणतात. मोतोसु सर्वांत खोल, शंभर मीटरांहून अधिक. २००४ पासून निघालेल्या हजार येनच्या नोटेच्या मागील बाजूस याच सरोवरातील फुजीचे प्रतिबिंब छापले होते. ती नोट सोबत ठेवून वायव्य काठावर मुक्काम करावा आणि पहाटे, वारा सुटण्यापूर्वी, पाण्याशी उभे राहावे.

जेवणाचा विचार घरूनच करावा. भाजणी, मेतकूट, भाजलेले पोहे आणि सीलबंद मसाले उपयोगी पडतात. कढीपत्ता, मिरच्या, फळे असे ताजे काही मात्र नेऊ नये. यामानाशी या प्रांताचे प्रसिद्ध ‘होतो’, म्हणजे लाल भोपळा घालून मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात) शिजवलेल्या रुंद शेवया, दिसायला शाकाहारी असतात, परंतु त्यांचा रस्सा बहुधा सुक्या माशांचा असतो. शाकाहारी कुटुंबाने शेवया आणि मासळीचा अर्क नसलेला मिसो विकत घेऊन गाडीतच शिजवावे. भोपळ्याच्या आमटीतील वरणफळांची चव आवडणाऱ्या मराठी जिभेला हा पदार्थ परका वाटत नाही. फोडणी मात्र बाहेर, कॅम्पच्या जागीच करावी, कारण व्हॅनच्या कापडात शिरलेला वास निघत नाही आणि साफसफाईचा खर्च माथी येतो. आंघोळीसाठी गावोगावी गरम पाण्याची स्नानगृहे आहेत. तेथे आधी बसून अंग स्वच्छ धुवावे लागते आणि कुंडात विवस्त्र उतरावे लागते. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी ‘काशिकिरी’, म्हणजे केवळ आपल्या कुटुंबासाठी राखीव मिळणारे स्नानगृह विचारावे.

मोतोसुहून दक्षिणेला १३९ क्रमांकाचा रस्ता आसागिरीच्या कुरणांतून फुजिनोमियाकडे उतरतो. वाटेत शिराइतो धबधबा आहे, ज्याचे पाणी सुमारे दीडशे मीटर रुंदीच्या कड्यातून शेकडो धारांनी पाझरते. पुढे दक्षिण बाजूने गोतेंबाकडे जाताना उतारावर मोठी खोक दिसते. ते १७०७ च्या उद्रेकाचे, होएइ विवर होय. फुजीचा तो आजवरचा शेवटचा उद्रेक, आणि त्याची राख शंभर किलोमीटरवरील एदोपर्यंत, म्हणजे आजच्या टोकियोपर्यंत पोहोचली होती. गोतेंबाहून तोमेइ द्रुतगती मार्गाने टोकियो गाठता येते. गाडी परत करण्यापूर्वी इंधन पूर्ण भरावे, सांडपाण्याची टाकी भाडेकरारात सांगितलेल्या जागीच रिकामी करावी आणि जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे असा कचरा वेगळा करून ठेवावा. हे काम दोन तास घेते, म्हणून परतीचे विमान त्याच संध्याकाळचे घेऊ नये.