डुकराच्या पिल्लांचं दूध तोडताना या चुका टाळा

दूध तोडलं की चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लांना हगवण लागते आणि आपण पळतो मेडिकलमध्ये, कुठलं इंजेक्शन देऊ म्हणून. मीपण सुरुवातीची दोन वर्षं हेच केलं. पण गडबड त्या पाचव्या दिवशी झालेलीच नसते हो, ती पहिल्याच दिवशी होते, पिल्लू उपाशी झोपतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आधी पोटात काय चालतं ते बघा. आईच्या दुधावर असताना पिल्लाच्या पोटात लॅक्टोबॅसिलस भरपूर असतात, म्हणजे आपल्या दह्यातल्या जिवाणूंचेच भाऊबंद. ते दुधातली साखर खाऊन लॅक्टिक अ‍ॅसिड तयार करतात, पोट आंबट राहतं आणि ई. कोलायसारखे जंतू दबून राहतात. एवढ्या लहान पिल्लाच्या जठरात स्वतःचं अ‍ॅसिड पुरेसं तयार होत नाही, त्यामुळे सगळी मदार या जिवाणूंवर. दूध तुटलं की त्यांचं खाणं तुटलं. त्यात कित्येक पिल्लं दिवस-दोन दिवस नवीन खाद्याला तोंडच लावत नाहीत, आणि पोट रिकामं राहिलं की आतड्याच्या आतली जी बारीक लव अन्न शोषते ती आखूड होते. मग तिसऱ्या दिवशी भूक खवळते, पिल्लू बकाबका खातं, ते पचत नाही, तसंच पुढं सरकून सडतं आणि जंतूंचं फावतं.

पिल्लू खातंय का हे न बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गव्हाणीतलं खाद्य संपलं म्हणजे सगळ्यांनी खाल्लं असं नसतं, सातजणं खातात आणि तीन कोपऱ्यात पडून असतात. संध्याकाळी एकेकाच्या पोटावर हात फिरवा, खपाटीला गेलेलं पोट हाताला लगेच कळतं. अशांना वेगळं काढा आणि कोमट पाण्यात पातळ कालवलेलं खाद्य पसरट ताटात द्या, दिवसातून ४-५ वेळा, थोडं थोडं. कालवताना आम्ही ताजं ताक घालतो. उरलेलं मात्र तासाभरात उचला, उन्हाळ्यात ते पटकन खराब होतं. पिल्लांना एकमेकांसोबत खायची सवय असते, आई हाक देते तेव्हा सगळी एकदमच पितात, त्यामुळे सगळ्यांची तोंडं एकाच वेळी मावतील एवढी जागा पाहिजे. आणि चव ओळखीची व्हायला पिल्लू ७-१० दिवसांचं झालं की आईजवळ असतानाच मूठ-मूठ क्रीप फीड (दुधावरच्या पिल्लांसाठीचं सुरुवातीचं खाद्य) टाकायला लागा, रोज ताजं.

२१ दिवसांची नक्कल

परदेशी फार्मचे व्हिडिओ बघून मी एकदा २१ दिवसांनी दूध तोडलं होतं. त्यांच्याकडे दूध पावडर, व्हे (चीज करताना उरणारं दुधाचं पाणी) घातलेलं खाद्य असतं, गरम शेड असते, माझ्याकडे मका भरडा आणि पेंड होती. निम्मी पिल्लं खंगली, दोन गेली. साधं खाद्य असेल तर ६ आठवडे थांबा, मादी लवकर माजावर यायच्या नादात पिल्लं घालवू नका.

लवकर वाढावीत म्हणून पेंड वाढवणं

सोयाबीन पेंड जास्त झाली की न पचलेलं प्रोटीन मोठ्या आतड्यात कुजतं, अमोनिया तयार होतो आणि हगवण वाढते. पहिले दोन आठवडे प्रोटीन १८ टक्क्यांच्या आसपास ठेवा, लायसिन (वाढीला लागणारा प्रोटीनमधला घटक) वरून घाला. कच्चं सोयाबीन तर अजिबात नको, त्यातला घटक प्रोटीन पचूच देत नाही. चुनखडीही हात राखून, ती पोटातलं अ‍ॅसिड मारते.

सगळं एकाच दिवशी

आई काढली, जागा बदलली, दुसऱ्या वेतातली पिल्लं मिसळली, वर लस आणि जंताचं औषधही त्याच दिवशी! त्यापेक्षा मादीला हलवा आणि पिल्लं आहेत तिथंच चार दिवस राहू द्या. जागा कोरडी आणि २८ डिग्रीच्या आसपास उबदार पाहिजे, थंडीत रात्री गोणपाट लावा. एकावर एक चढून झोपत असतील तर त्यांना गारठा लागतोय. निपल (पिल्लू तोंडानं दाबून पाणी पितं ती तोटी) स्वतः दाबून बघा, बारीक धार असेल तर पिल्लू पाणीही पीत नाही आणि मग खातही नाही.

मनानेच अँटिबायोटिक

त्यानं वाईट जंतूंबरोबर चांगलेही मरतात. कोलिस्टिन तर २०१९ पासून आपल्या देशात खाद्यजनावरांसाठी बंद आहे, कुणी देत असेल तर घेऊ नका. हगवण रोखायला खाद्यात घालतात त्या झिंक ऑक्साइडचा जादा डोस युरोपनं २०२२ मध्ये बंद केला, कारण ते विष्ठेतून जमिनीत साठतं. हगवण लागली की आधी इलेक्ट्रोलाइटचं पाणी द्या, कारण पिल्लू बहुतेकदा पाणी कमी होऊन मरतं, आणि विष्ठेचा नमुना डॉक्टरांकडे पाठवा.

आणखी एक. कधीकधी हगवण नसतेच, आणि गटातलं सगळ्यात धष्टपुष्ट पिल्लूच अचानक झोकांड्या खातं, पापण्या सुजतात, सकाळी मेलेलं सापडतं. लोक विषबाधा समजतात. पण हा बऱ्याचदा ई. कोलायच्याच एका जातीचा सूज-रोग असतो, जास्त खाणाऱ्या पिल्लाला आधी गाठतो. असं एक जरी दिसलं तरी बाकीच्यांचं खाद्य त्याच दिवशी कमी करा, पाणी भरपूर चालू ठेवा आणि मेलेलं पिल्लू पुरायच्या आधी डॉक्टरांना बोलवा, कापून बघितल्याशिवाय नक्की कळत नाही.