वूबीत हवं ते अक्षर येत नाही? या चुका टाळा

पिनयिनने, म्हणजे उच्चार रोमन लिपीत लिहून, चिनी टाइप करायचं तर उच्चार माहीत असावा लागतो. वूबीचं तसं नाही. अक्षर डोळ्यांनी बघायचं, त्याची फोड करायची आणि प्रत्येक तुकड्याची कळ दाबायची. कितीही किचकट अक्षर असो, चार कळांच्या वर जात नाही. वांग योंगमिन यांनी १९८३ साली ही पद्धत आणली. जुन्या कागदावरचं, कधीही न ऐकलेलं अक्षर नुसतं बघून संगणकात घेता येतं, म्हणून भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाने ती शिकावी असं मला मनापासून वाटतं. पण बरेच जण पहिल्याच महिन्यात कंटाळून पिनयिनकडे परततात. बोटं चुकतात असं त्यांना वाटत असतं, खरं तर चुकलेली असते फोड.

आधी एक गोष्ट तपासा. वूबीच्या ८६, ९८ आणि नंतरच्या नव्या आवृत्तीत काही तुकड्यांच्या कळा बदलल्या आहेत. विंडोजमधली वूबी ८६ ची आहे. तक्ता ९८ चा आणि संगणक ८६ चा असेल, तर काही अक्षरं बरोबर येतील आणि काही येणारच नाहीत. यात माझा पूर्ण आठवडा वाया गेला होता.

सगळ्यात जास्त अडतं ते ओळख-कळीपाशी, म्हणजे सारख्या कळांची अक्षरं वेगळी करणाऱ्या शेवटच्या कळीपाशी. आय या कळीवर आहे पाण्याचा तुकडा, म्हणजे डावीकडचे तीन थेंब. एस या एकाच कळीवर झाड, पश्चिम आणि इंग्रजी टीसारखा दिसणारा 'डिंग' असे तिघे बसले आहेत. आता पाणी अधिक झाड म्हणजे न्हाणे, पाणी अधिक पश्चिम म्हणजे शिंपडणे आणि पाणी अधिक डिंग म्हणजे नदीकाठची वाळू. तिन्हींसाठी आय, एस हेच दाबायचं, मग संगणकाने ओळखायचं कसं? शेवटच्या रेघेवरून. झाडाची शेवटची रेघ उजवीकडे उतरती, म्हणून तिसरी कळ वाय. पश्चिमेची आडवी, म्हणून जी. डिंगची उभी (टोकाला आकडा असला तरी उभीच धरायची), म्हणून एच.

रेघेबरोबर ठेवणही मोजतात. तोंड म्हणजे चौकोन आणि आठ म्हणजे दोन फाकलेल्या रेघा. हे दोन तुकडे शेजारी बसले तर कर्णा या अर्थाच्या 'लाबा' शब्दातलं दुसरं अक्षर होतं, वरखाली बसले तर 'फक्त'. पहिल्याला के, डब्ल्यू, वाय. दुसऱ्याला के, डब्ल्यू, यू. चार तुकडे होत नसतील आणि हवं ते अक्षर यादीत मागे पडलं असेल, तर स्वतःला दोनच प्रश्न विचारा: शेवटची रेघ कोणती, आणि तुकडे शेजारी आहेत की वरखाली?

'दूर' या अक्षरात तर दोन चुका एकदम होतात. चालण्याचा तुकडा डावीकडून खाली वळसा घालतो, म्हणून नवखा आधी तोच टाइप करतो. पण हाताने लिहिताना तो शेवटी येतो, म्हणून टाइप करतानाही शेवटीच. इनस्क्रिप्टवर मराठी टाइप करणाऱ्यांना हे पटकन कळावं: 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, तरी कळ 'क'च्या नंतरच दाबतो ना? ओळख-कळीसाठी मात्र इथे शेवटची रेघ आतल्या भागाची घ्यायची, वळशाची नाही. आतली शेवटची रेघ वळणारी आहे, म्हणून पूर्ण क्रम एफ, क्यू, पी, व्ही.

'आकाश' टाइप करताना 'नवरा' उमटत असेल तर अक्षर नीट निरखा. 'नवरा'मध्ये माणसाची रेघ वरच्या आडव्या रेघेला छेदून डोकं बाहेर काढते. ते 'दोन' आणि 'माणूस', म्हणजे एफ, डब्ल्यू. 'आकाश'मध्ये ती वरच्या रेघेला नुसती टेकते. टेकणं दिसत असताना छेदणं धरायचं नाही, हा नियम. म्हणून 'एक' आणि 'मोठा', जी, डी.

जे अक्षर स्वतःच एक तुकडा आहे त्याची फोड करत बसू नका. प्रत्येक कळीचं मुख्य अक्षर तीच कळ चारदा दाबून येतं: 'झाड' म्हणजे एस चार वेळा. बाकीच्यांसाठी आधी त्याची कळ, मग पहिली, दुसरी आणि शेवटची रेघ. 'दगड' म्हणजे डी, जी, टी, जी.

मधेच इंग्रजी अक्षरं उमटू लागली तर शिफ्टला धक्का लागलेला असतो, पुन्हा एकदा दाबा.

सगळं बरोबर करूनही अक्षर सापडत नसेल, तर ते यादीतच नसण्याची शक्यता आहे. १९८० च्या चिनी मानकात ६,७६३ अक्षरं होती आणि चीनचे माजी पंतप्रधान झू रोंगजी यांच्या नावातलं मधलं अक्षर त्यात नव्हतं. अजूनही काही वूबी प्रणाली सुरुवातीला तेवढीच अक्षरं दाखवतात. सेटिंगमध्ये मोठा अक्षरसंच निवडा आणि त्याच कळा पुन्हा दाबून बघा.